नरसक्काचं वाक्य

परवा शाळेतून येताना बाजाराच्या तोंडाशी एक बाई पाटीत हिरवी कणसं घेऊन बसलेली दिसली. गूळभेंडी ज्वारीची. वर ओलं फडकं, आणि फडक्याच्या कडेनं दाण्यांचा तो पोपटी रंग डोकावत होता. मी एक कणीस उचललं, चिमटीनं चार दाणे काढून तळहातावर चोळले आणि फुंकर मारली. भूस उडालं. दाणे तोंडात टाकायचे, तर ओठांचा चंबू तसाच राहिला आणि जीभ आपली आपण मागे दुमडली. बाईनं दोन क्षण माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "मास्तर, खायाचं हाय का नुसतं फुकायचं हाय?"

आता तिला काय सांगणार? पन्नाशी उलटलेला, डोक्यावर टोपी असलेला, भर बाजारात शिट्टी वाजवायला निघालेला मराठीचा मास्तर तिनं कशाला पाहिला असेल. मी कणसं घेतली आणि निमूट घरी आलो. पण हुरडा आला की मला नरसक्का आठवते, आणि नरसक्का आठवली की माझी जीभ दुमडते. याला इलाज नाही.

हुरड्याचे दिवस फार थोडे. संक्रांतीच्या मागेपुढे कधीतरी ज्वारीचा दाणा दुधानं भरतो, दोन आठवडे तो मऊ, गोड, कुणाच्याही तळहातावर लगेच मोकळा होणारा असा राहतो, आणि मग एके दिवशी बघावं तर टणक झालेला असतो. त्याची पुढे भाकरी होते, कौतुक होत नाही. मी ज्या वर्षाचं सांगतोय ते दुष्काळानंतरचं पहिलं वर्ष. त्याआधी गावंच्या गावं खडी फोडायला गेली होती. आम्ही रेशनची तांबडी मिलो ज्वारी खाल्ली होती, जिची भाकरी तव्यावरच रुसून फुटायची. त्यामुळे त्या हिवाळ्यात अक्कलकोट रस्त्याला दोन्ही बाजूंनी शाळू उभा राहिला, तेव्हा सोलापूरची माणसं नुसती बघायला म्हणून सायकली काढून शिवारात जायची. कणसाला हात लावायची आणि परत यायची.

मी तेव्हा अंबादासच्या मागांवर राहत होतो. म्हणजे खरोखरच वर. खाली त्याचे चादरीचे चार माग, त्यावर लाकडी तक्तपोशी आणि तिच्यावर मी. बायको-मुलं करमाळ्याला, आईवडिलांपाशी. माझी शाळा सकाळची. दुपारी साडेबारापासून दुसऱ्या सकाळपर्यंत मला कुणीही काहीही विचारणारं नव्हतं. खटाक खटाक असा तो आवाज तळपायातून चढून दातांपर्यंत यायचा. सुरुवातीला मी वैतागलो, पुढे असं झालं की वीज गेली आणि माग थांबले की मला एकदम पोरकं वाटायचं. शांततेत खोली फार मोठी दिसते.

या मागवाल्यांची एक रीत मला तिथं कळली. त्या आवाजात ओरडून उपयोग नसतो, म्हणून ते ओरडतच नाहीत. नुसते ओठ हलवतात. अंबादास शेडच्या या टोकाला, त्याची बायको त्या टोकाला सुताच्या कांड्या भरत बसलेली, आणि दोघांचं चक्क भांडण चाललेलं असायचं, तेही तेलुगूत, आवाज न करता. मी जिन्यावरून बघत राहायचो. वीस-वीस हात अंतरावरून ही माणसं ओठ वाचतात. गिरणीत साच्यांवर, म्हणजे तिथल्या मोठ्या मागांवर, काम केलेली जुनी माणसं तर त्याहून तरबेज. पूर्वभागात, विणकरांच्या या वस्तीत, कुणाची गुपितं सांगायची असतील तर तोंडावर हात ठेवावा, अशी माझी सूचना आहे.

नरसक्का ही अंबादासची आत्या. साठीच्या पुढची, काठीसारखी ताठ, केस अजून दाट. मुंबईहून एक ट्रंक घेऊन ती कायमची परत आली आणि मागच्या खोलीत राहिली. एकेकाळी ती मूकपटांत नायिका होती. मिस केतकी. लहानपणी काकाकडे मुंबईला गेली, काका स्टुडिओत पडदे रंगवायचा, ही त्याचा डबा घेऊन जायची, आणि एके दिवशी खरी नायिका घोड्यावर बसेना तेव्हा ही बसली. हा प्रसंग मी तिच्याकडून तीनदा ऐकला. पहिल्या वेळी घोडा पांढरा होता, दुसऱ्या वेळी काळा, आणि तिसऱ्या वेळी त्यानं नायिकेला चावा घेतलेला होता. मी प्रत्येक वेळी तितक्याच आनंदानं ऐकला.

पाच वर्षं तिनं घोडे पळवले, तलवारी चालवल्या, गच्च्यांवरून उड्या मारल्या. घोड्याला बोलावायला शिट्टी मारायचा प्रसंग होता, तर ही महिनाभर खरी शिट्टी शिकली. दिग्दर्शक म्हणाला, बाई, ऐकू कुठे येणार आहे, नुसते ओठ कर. ही म्हणाली, घोड्याला तर ऐकू येईल ना.

भाषा तिला तेव्हा एकच यायची, तेलुगू. त्याची अडचण कुणाला नव्हती. कॅमेऱ्यापुढे नायक गुजरातीत बोले, खलनायक उर्दूत, ही तेलुगूत, आणि मध्ये येणाऱ्या अक्षरांच्या पाटीवर प्रेमाचं वाक्य येई. एका चित्रपटात ती नायकाच्या खांद्यावर डोकं ठेवून डोळे मिटते आणि पाटी येते, 'प्राणनाथा, आता मृत्यू आला तरी चालेल.' मुंबईत बायका रडल्या. सोलापुरात मात्र थिएटर हसून लोळलं. पडद्याखाली साथीला बसलेल्या पेटीवाल्याला वाटलं आपलंच काही चुकलं, त्यानं पेटी थांबवली. झालं होतं असं, की गिरणीतल्या साचेवाल्यांनी तिचे ओठ वाचले होते. ती म्हणत होती, 'सकाळी सकाळी कांदा खाऊन येतोस, लाज नाही वाटत?' तो चित्रपट सगळीकडे शोकांतिका होता. सोलापुरात तो विनोदी म्हणून चालला.

मग बोलपट आले. चाचणीला तिला माइकपुढे उभं केलं. तिनं तोंड उघडलं आणि आतल्या काचेतून कुणीतरी हात हलवून 'नको' केलं. बस, तेवढंच. हे सांगताना ती काही रडली नाही, उलट त्या माणसाच्या हाताची नक्कल करून दाखवली. पुढची चाळीस वर्षं ती त्याच स्टुडिओंत गर्दीत उभी राहिली. नर्स, देवळातली बाई, बाजारात भाजी घेणारी, आणि वय झाल्यावर मयताला रडणारी. "माझ्याएवढी मयतं कुणी पाहिली नसतील," ती म्हणायची, "आणि सगळे मेलेले चहा आला की उठून बसायचे." एकदा म्हणाली, "हुरडा होते मास्तर, आता ज्वारी झाले. पण जगतात तर ज्वारीवरच की." तिच्याबद्दल वाईट वाटून घ्यायला ती वेळच द्यायची नाही. तरी संध्याकाळी जिन्याखालून जाताना मला ती मागच्या खोलीत ट्रंकेवर बसलेली दिसायची. पाय खाली सोडलेले, नजर समोरच्या भिंतीवर. भिंतीवर काही नव्हतं.

तर त्या जानेवारीत तिचा शेवटचा चित्रपट सोलापुरात लागला. नाव सांगत नाही. सांगितलं तर तुम्ही त्यातली म्हातारी आठवायला जाल, ती तुम्हाला आठवणार नाही आणि मला वाईट वाटेल. मुंबई सोडण्याआधी तिनं त्यात काम केलं होतं, आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा तिच्या वाट्याला एक वाक्य आलं होतं. नायिका घरातून पळालेली, उन्हानं कोमेजलेली. एका झोपडीशी थांबते. झोपडीतली म्हातारी तिच्या ओंजळीत पाणी ओतते आणि म्हणते, "पानी पीके जाना बेटी, आगे कुआँ नहीं है."

आदल्या वर्षी ज्यांनी मैलभरावरून हंडे आणले होते त्या गावात हे वाक्य! मी ते अंबादासकडून ऐकलं आणि त्याला पुन्हा एकदा म्हणायला लावलं. पहिल्याच दिवशी आम्ही सगळे गेलो. मध्यंतर झालं, दहा मिनिटं गेली, झोपडी आली, नरसक्का आली, तांब्या आला, तिनं ओठ उघडले, आणि त्याच वेळी पाठीमागून घोड्याच्या टापा वाजायला लागल्या. नायक! खालच्या वर्गात जी शिट्ट्यांची आग लागली ती नायक घोड्यावरून उतरेपर्यंत विझली नाही. नरसक्काचं वाक्य त्यात गेलं.

दुसऱ्या दिवशीही गेलं. तिसऱ्याही. ती रोज दुपारच्या खेळाला, मध्यंतराच्या सुमारास जायची. डोअरकीपर महेबूबचाचा तिला ओळखायचा, लहानपणी त्यानं मिस केतकीचे घोडे पाहिले होते. तो तिच्यासाठी दाराजवळची खुर्ची राखून ठेवी. ती बसायची, झोपडी यायची, शिट्ट्या व्हायच्या, ती उठायची आणि घरी यायची. मला दुपारभर काम नसायचं, मीही जायला लागलो. मागच्या रांगेतून मला तिची फक्त मान दिसायची. वाक्याच्या वेळी ती जरा पुढे झुकायची, वर्गात शेवटच्या बाकावरची मुलगी झुकते तशी.

दुसऱ्या आठवड्यातल्या रविवारी आम्ही हुरड्याला गेलो. अंबादासच्या ओळखीचं शेत होतं, अक्कलकोट रस्त्याला. जमिनीत आगटी पेटवलेली, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसं खुपसलेली, शेंगदाण्याची चटणी, दही, गूळ, बोरं. शेतकरी गरम कणसं हातावर चोळून दाणे आमच्यापुढे टाकत होता आणि आम्ही तोंड भाजत खात होतो. कुणीतरी शिट्टीवाल्या पोरांना शिव्या दिल्या. नरसक्का म्हणाली, शिट्टीला शिव्या देऊ नका, शिट्टी ही कला आहे. तिनं दोन बोटं तोंडात घातली. बांधापलीकडचे बैल थबकले, दोन कुत्री पळत आली आणि शेतकरी हातातलं कणीस टाकून उभा राहिला. "आयला," तो म्हणाला, "म्हातारी हाय का हवालदार?"

मग ती मला शिकवायला बसली. जीभ मागे दुमडा, ओठ दातांवरून आत घ्या, बोटांनी जीभ दाबा, फुंका. मी फुंकलं. तोंडात हुरडा होता तो अंबादासच्या सदऱ्यावर गेला. पुन्हा फुंकलं. नुसता वारा. मुलांच्या शिट्ट्या बंद करण्यात माझी वीस वर्षं गेली, मला कुठून येणार? ती हसून हसून डोळे पुसत होती. "अय्यो मास्तर, जीभ अजून मागे."

निखारे मंदावले तेव्हा कुणीतरी तिला आग्रह केला, अक्का, ते वाक्य इथंच म्हणून दाखव की, इथं कोण शिट्टी वाजवतंय. हातातले दाणे तिनं चटणीच्या पानावर ठेवून दिले.

"इथं नको," ती म्हणाली. "इथं मी बोलतच असते की. चाळीस वर्षं पडद्यावर आहे, एकदाही मी तिथून बोललेलं ऐकलं नाही. ते ऐकायचंय."

परत येताना बैलगाडीत माझ्या डोक्यात योजना तयार झाली. माझ्यासारख्या शाळेत नाटकं बसवणाऱ्या माणसाच्या डोक्यात योजना फार लवकर तयार होतात, तेच वाईट. खालच्या वर्गात शिट्ट्या मारणारे निम्मे तरी माझेच जुने विद्यार्थी, आता गिरणीत आणि मागांवर लागलेले. मी दोन दिवस पूर्वभागात गल्लोगल्ली हिंडलो. एकेकाला गाठलं, शुद्धलेखनाच्या जुन्या आठवणी काढून दम दिला. महेबूबचाचाला सांगितलं. तो म्हणाला, "हौ मास्तर, पन पब्लिक हैना, किसके बाप का नै सुनता." मी म्हटलं, माझं ऐकेल.

बुधवारचा दुपारचा खेळ. हॉल भरलेला. मध्यंतर संपता संपता मी पडद्यापुढे उभा राहिलो. असा प्रसंग आयुष्यात पुन्हा कशाला येणार, म्हणून उपरणंही घेतलं होतं. म्हटलं, मित्रहो, आपल्या पेठेची एक लेक आज या पडद्यावर बोलणार आहे. नायकाला आयुष्यभर शिट्ट्या आहेतच. आजच्या दिवस त्याला जरा ताटकळू द्या. लोक हसले, टाळ्या वाजल्या. दाराजवळच्या खुर्चीत नरसक्का पदर सारखा करत होती. अंबादास तिच्या शेजारी.

झोपडी आली. तांब्या आला. टापा वाजायला लागल्या. आणि तुम्हाला खोटं वाटेल, पण तेवढ्या माणसांत कुणी खोकलंसुद्धा नाही. पंख्यांचा घरघराट ऐकू येत होता. नायक बिचारा घोड्यावरून एकटाच येत होता, मयताला आल्यासारखा. नरसक्कानं ओंजळीत पाणी ओतलं, ओठ उघडले.

"पानी पीके जाना बेटी, आगे कुआँ नहीं है."

स्वच्छ, नाजूक, सराईत आवाज. रेडिओवर लागतो तसा. उच्चारात कुठं खरखर नाही, तेलुगूची सावली नाही. तिचा नव्हता.

मी पडद्याच्या कडेला उभा होतो, तिथून पडद्याच्या उजेडात अंबादासचा चेहरा दिसला. त्यानं माझ्याकडे बघून नुसते ओठ हलवले. तोवर मलाही थोडंफार वाचता यायला लागलं होतं. 'दुसरीच बाई आहे,' तो म्हणाला.

आणि हॉल टाळ्यांनी फुटला. पोरं उठून उभी राहिली, मागे वळून तिच्याकडे बघून टाळ्या वाजवत होती. त्यांना काय माहीत? तिचा आवाज ओळखणारी त्या हॉलमध्ये आम्ही इनमिन दोन माणसं. नरसक्का उठली. हात जोडले. डावीकडे, उजवीकडे, मग वर बाल्कनीकडे, मान किंचित झुकवून, अगदी मिस केतकीसारखी. दुसऱ्या कुणाच्या आवाजासाठी इतक्या डौलात नमस्कार करताना मी माणूस पाहिलेला नाही. एवढ्या टाळ्यांत ती एकटी पडली होती, आणि ते मी केलं होतं.

घरी जाताना आम्ही तिघं चालत होतो. मी शेवटी धीर करून विचारलं, तुम्हाला माहीत होतं का?

"आवाज भरायला मला बोलावलंच नाही नंतर," ती म्हणाली. "वाटलं, शूटिंगच्या वेळी बोलले तोच ठेवला असेल. कधी कधी ठेवतात." चार पावलं गेल्यावर म्हणाली, "छान बोलली ती पोरगी." आणि मग घराच्या दारात, चप्पल काढता काढता, "शिट्ट्या होत्या तोवर आवाज माझा होता."

तक्तपोशीखाली माग चालू होते. त्या संध्याकाळी मी जिन्यावरून पाहिलं, ती ट्रंकेवर नेहमीसारखी बसली होती. फक्त या वेळी तिचे ओठ हलत होते. मी वाचायचा प्रयत्न केला नाही. तोंड फिरवलं आणि वर गेलो.

पुढचा आठवडाभर ती थिएटरकडे फिरकली नाही. मीही नाही. शेतातला हुरडा संपत आला, दाणे टणक व्हायला लागले. चित्रपटही उतरायला आला. शुक्रवारी नवा लागणार, गुरुवारी याचा शेवटचा दिवस. गुरुवारी दुपारी मी जिन्यावर दाढी करत होतो आणि ती बाहेर पडताना दिसली. इरकली नेसलेली, केस नीट बांधलेले. अंबादासनं मागावरून मान वर केली, मी त्याच्याकडे पाहिलं. तो ओठांनी म्हणाला, 'जाऊ दे तिला.' मी अर्धी दाढी पुसली आणि मागोमाग गेलो.

हॉलमध्ये शेवटच्या दिवशी असतात तेवढीच माणसं होती. तीसेक. बहुतेक उन्हातून सावलीला आलेले. दोघे झोपलेले. तिच्या खुर्चीत ती बसली होती, मी मागच्या रांगेत. आणि मध्यंतर संपलं तशी मी हॉलभर नजर फिरवली. आज शिट्ट्या कोण मारणार? ज्यांनी मारायच्या त्यांनी दहादा मारून झाल्या होत्या. समोरच्या रांगेतले लोक बिड्या ओढत पाय पसरून बसले होते. त्या बाईचा तो स्वच्छ आवाज रिकाम्या हॉलमध्ये आज दुप्पट घुमला असता.

झोपडी आली. ती पुढे झुकली. तांब्या. मी दोन बोटं तोंडात घातली. जीभ मागे दुमडली. फुंकलं, वारा. टापा सुरू झाल्या. पडद्यावर तिनं ओंजळीत पाणी सोडलं, मी ओठ दातांवरून आत घेतले आणि छातीत होतं नव्हतं ते सगळं बाहेर सोडलं.

शिट्टी निघाली. सरळ नाही, मध्ये फाटलेली, शेवटी चिरकलेली, पण लांब. पडद्यावर तिचे ओठ हलत होते आणि त्या सगळ्या वेळात मी श्वास घेतला नाही. झोपलेले दोघे दचकून उठले. महेबूबचाचाचा टॉर्च माझ्या अर्ध्या दाढीवर येऊन थांबला.

"क्या मास्तर," तो हळूच म्हणाला, "तुमे भी?"

नायक घोड्यावरून उतरला. नरसक्का नेहमीसारखी उठली. तिनं मागे वळून पाहिलं नाही, पदर खांद्यावर घेतला आणि रांगेच्या कडेनं दाराकडे निघाली. माझ्या खुर्चीपाशी आली तेव्हा क्षणभर थांबली, पडद्याकडे बघत.

"जीभ अजून जरा मागे पाहिजे होती," म्हणाली, आणि दार ढकलून उन्हात गेली.